भूकपट्टी, पन्नास फ्रेम आणि बंधारा : ‘शिवार’ची प्रगती

जुन्या टीव्ही गेमच्या यंत्रांसाठी आम्ही बनवत असलेल्या ‘शिवार’ या गेमचा तिसरा टप्पा, म्हणजे बंधाऱ्याचा, आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. नायकाची भूक दाखवणारी, सतत घटणारी वरची भूकपट्टी जुन्या मशीनवर न हलता दिसते आणि सेकंदाला ५० फ्रेम व ६० फ्रेम दाखवणाऱ्या यंत्रांवर उडी सारख्याच उंचीची पडते. या तिन्हींपैकी उडीच्या कामाने सर्वांत जास्त वेळ खाल्ला आणि त्यातूनच हा गेम कसा असावा याचा निर्णय झाला, म्हणून या नोंदीचा बराचसा भाग उडीने व्यापला आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो: ‘शिवार’ हा ‘अ‍ॅडव्हेंचर आयलँड’ या जुन्या मालिकेचा आमच्या परीने काढलेला पुढचा भाग आहे. हडसन सॉफ्टने १९८६ मध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम यंत्रासाठी काढलेला ‘अ‍ॅडव्हेंचर आयलँड’ हा मुळात ‘वंडर बॉय’ या त्याच वर्षीच्या आर्केड गेमवरून तयार झाला होता. ‘वंडर बॉय’ या नावाचे हक्क सेगाकडे असल्यामुळे हडसनने खेळाचे नियम आणि टप्प्यांची रचना बरीचशी तशीच ठेवली, नायक मात्र बदलला आणि त्याच्या जागी आपल्याच कंपनीचा लोकप्रिय चेहरा असलेल्या ताकाहाशी मेइजिन यांना आणले. जपानबाहेर तोच नायक मास्टर हिगिन्स या नावाने वावरला. म्हणजे जी मालिका आम्हांला आमच्या परीने पुढे न्यायची आहे, तिचा जन्मच नियम ठेवून चेहरा बदलण्यातून झालेला आहे, आणि आम्हीही तेच करत आहोत. हडसन २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली. त्यामुळे जुनी पात्रे, चित्रे, संगीत आणि नाव यांतले काहीही आम्ही घेतलेले नाही. चाहत्यांनी मोठ्या कष्टाने केलेला निंटेंडोच्या ‘मेट्रॉइड’ या गेमच्या दुसऱ्या भागाचा नवा अवतार २०१६ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला आणि निंटेंडोच्या कायदेशीर कारवाईमुळे लगेचच उतरवावा लागला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. हक्क अभिव्यक्तीवर असतो, खेळाच्या कल्पनेवर नाही, आणि हा फरक आम्ही पहिल्या ओळीपासून पाळला आहे.

पुढचा प्रश्न असा होता की, ‘पुढचा भाग’ काढायचा तर तो नेमका कोणत्या भागाच्या पुढचा? १९९१ च्या दुसऱ्या भागात स्वार होण्यासाठी डायनासोर आले आणि मिळालेल्या वस्तू पुढच्या टप्प्यासाठी साठवता येऊ लागल्या. जपानमध्येच निघालेल्या १९९४ च्या चौथ्या भागात तर सतत घटणारी पट्टीच गेली आणि तिच्या जागी हृदये आली. चौथा भाग गेम म्हणून उत्तम आहे; परंतु माझ्या मते ज्या दिवशी भूक गेली, त्या दिवशी या मालिकेचा स्वभाव गेला. थांबलास की उपाशी मरशील, हा एकच धाक पहिल्या भागात प्रत्येक उडीच्या मागे उभा असतो. कॅपकॉमने २००८ मध्ये ‘मेगा मॅन ९’ काढताना मधल्या भागांनी जोडलेले घसरणे आणि साठवून मारायची गोळी या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या व ‘मेगा मॅन’च्याच दुसऱ्या भागाच्या साधेपणाकडे परत गेले, तो निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो. आम्हीही पहिल्या भागाच्या नियमांनाच चिकटलो आहोत. साठवण नाही, डायनासोर नाहीत, आणि भूक आहे.

आता उडीकडे येतो. आपल्याकडे विकल्या गेलेल्या टीव्ही गेमच्या यंत्रांत आणि मूळ जपानी फॅमिकॉममध्ये एक फरक आहे, ज्याकडे लहानपणी कोणाचेच लक्ष जात नसे. मूळ यंत्र सेकंदाला सुमारे ६० फ्रेम दाखवते, तर आपल्याकडच्या पाल या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेली नक्कल यंत्रे ५० दाखवतात. त्या काळच्या गेममध्ये नायकाचा वेग, गुरुत्वाकर्षण, शत्रूंची चाल आणि भुकेचा हिशेब हे सारे फ्रेममध्ये मोजलेले असल्यामुळे, माझ्याकडच्या मशीनवर अख्खे जगच एक षष्ठांशाने संथ चालते. गाण्याचीही लय तेवढीच मंदावते. मात्र नक्कल यंत्रांच्या प्रोसेसरचा वेग सुमारे १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ असल्याने सूर खाली येत नाही. त्यामुळे कानाला काही चुकल्यासारखे वाटतच नाही. कोल्हापुरात अशा मशीनवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ‘खरा’ वेग म्हणून आठवतो तो हा संथ वेग, आणि एमुलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवर, मूळ गेम लावला की तो विनाकारण घाईत असल्यासारखा भासतो. आमच्या गटात यावर बराच वाद झाला. जपानी अभियंत्यांनी ठरवलेल्या वेगाशी प्रामाणिक राहायचे की आपल्या बोटांना आठवणाऱ्या वेगाशी? मी दुसऱ्या बाजूचा होतो आणि शेवटी तेच ठरले: ‘शिवार’चा मूळ वेग ५० फ्रेमचा, आणि ६० फ्रेमच्या यंत्रावरही तो तसाच जाणवला पाहिजे.

यंत्र ओळखण्याची रीत सोपी आहे. चित्र संपल्याच्या दोन लागोपाठच्या इशाऱ्यांच्या मध्ये एक लहानसे चक्र फिरवत ठेवायचे आणि ते किती वेळा फिरले ते मोजायचे. मूळ यंत्रात एका फ्रेमला प्रोसेसरची सुमारे २९,७८० आवर्तने मिळतात, तर नक्कल यंत्रात ३५,४६४, त्यामुळे गोंधळाला जागाच राहत नाही. त्यानंतर वेगांचे दोन तक्ते आहेत. चालण्याचा वेग ५० वर फ्रेममागे दीड पिक्सेल आहे, तो ६० वर पाच षष्ठांशाने गुणून सव्वा पिक्सेल होतो. इथपर्यंत सारे सरळ आहे. गुरुत्वाकर्षणाला मात्र पाच षष्ठांशाने एकदा गुणून भागत नाही, दोनदा गुणावे लागते, कारण ते वेगातला बदल आहे आणि वेग स्वतःच फ्रेमवर मोजलेला आहे. उडीचा सुरुवातीचा वेग चार पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण पिक्सेलच्या २५६ भागांपैकी ४३ असे धरले, तर ५० वर उडी सुमारे ४९ पिक्सेल जाते, म्हणजे १६ पिक्सेलचे तीन ठोकळे जेमतेम पार होतात. ६० साठी गुरुत्वाकर्षण ३० केले की उंचीही तितकीच राहते आणि हवेतला वेळही. तेच एकदाच गुणून ३६ ठेवले, तर उडी सुमारे ४१ पिक्सेलवर थांबते, तीन ठोकळ्यांची पायरी कोणालाच चढता येत नाही आणि खेळणाऱ्याला वाटते की टप्पाच सदोष आहे.

हा हिशेब जुळल्यानंतर भूकपट्टी बसवणे सोपे गेले. पट्टीत बारा घरे आहेत आणि दर दोन सेकंदांनी एक घर जाते. नायक सेकंदाला ७५ पिक्सेल चालतो, म्हणजे काहीही न खाता न थांबता चालणारा खेळाडू चोवीस सेकंदांत साधारण सात पडदे ओलांडतो. त्यामुळे टप्पा आखताना मी आता आधी खाणे मांडतो आणि शत्रू नंतर. सरळ पळणाऱ्याला दोन घरे शिल्लक राहावीत, प्रत्येक शत्रूशी झुंजणाऱ्याची पट्टी रिकामी व्हावी आणि वाट वाकडी करून वरचा गुळाचा खडा घेणाऱ्याला त्याचा खर्च भरून निघावा, इतपत ते ताणलेले आहे. मूळ गेममध्ये दुधाची बाटली पट्टी पूर्ण भरत असे. आमच्याकडे तिची जागा गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाच्या ग्लासाने घेतली आहे आणि तो टप्प्यात एकदाच मिळतो. दगडी कुऱ्हाडीऐवजी गोफण आहे, स्केटबोर्डऐवजी ब्रेक नसलेली सायकल. वांगे मात्र आम्ही ठेवले आहे: ते लागले की भूक झपाट्याने वाढते, आणि वांग्याची भाजी टाळणाऱ्या मुलांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

सगळा प्रवास दाजीपूरच्या जंगलातून निघून भोगावतीच्या काठाने प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत आणि तिथून पंचगंगेने शहरात येतो. यातला तिसरा टप्पा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर घडतो. दगडी खांबांची रांग, मधल्या खाचांत पाणी अडवण्यासाठी बसवलेले बर्गे, म्हणजे फळ्या, आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेण्याची पद्धत, हे पाहिल्यावर प्लॅटफॉर्म गेमला याहून योग्य जागा शोधायची गरज नव्हती. काही खाचांत बर्गे आहेत, काहींत नाहीत. जिथे आहेत तिथे नायक उभा राहिला की बर्गा थोड्या वेळाने पाण्यासोबत निघून जातो. पूर्ण उडीत नायक आडवा सुमारे ७१ पिक्सेल जात असल्याने दोन खांबांतले सर्वांत मोठे अंतर चार ठोकळे, म्हणजे ६४ पिक्सेल ठेवले आहे.

खांबांवर खेकडे बसवल्यावर यंत्राची जुनी मर्यादा आडवी आली. एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट, म्हणजे हलती छोटी चित्रे, दिसू शकतात. नायक दोन घेतो, प्रत्येक खेकडा दोन, आणि तीन खेकडे एका उंचीवर आले की गोफणीच्या दगडाला जागाच उरत नाही. स्प्राइटचा क्रम दर फ्रेमला फिरवला की दगड दिसतो, पण मग सगळेच आळीपाळीने लुकलुकतात. माझ्या भाचीने जुना गेम कधी खेळलेला नाही आणि म्हणूनच तिच्याकडून चाचणी करून घेतो; तिने पहिल्याच खेळीत विचारले, “मामा, ह्यो खेकडा मधीच कुटं जातोय?” ‘मेगा मॅन ९’ मध्ये अशी लुकलुक मुद्दाम चालू करण्याची सोय होती, आणि जुन्या खेळाडूंना तिचे कौतुकही असेल, परंतु ५० फ्रेमवर ती जास्तच डोळ्यांवर येते. म्हणून लुकलुक मिरवण्यापेक्षा खांबांच्याच उंचीत फरक केला. आता दोनपेक्षा जास्त खेकडे एका रेषेत येतच नाहीत आणि टप्पाही अधिक खडबडीत, म्हणजे बंधाऱ्यासारखा दिसू लागला आहे.

बाकीच्या कामांविषयी थोडक्यात. भूकपट्टी पार्श्वचित्रातच आहे आणि ती स्क्रोलपासून वेगळी ठेवण्यासाठी स्प्राइट झीरोची जुनी युक्ती (यंत्राने पहिला स्प्राइट काढल्याचे कळताच त्याखालूनच स्क्रोल सुरू करण्याची) वापरली आहे. संगीताचे दोन तुकडे फॅमिट्रॅकर या फॅमिकॉमचे संगीत बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तयार आहेत, पण उसाच्या फडाच्या टप्प्याला हवी तशी चाल अजून सापडलेली नाही. साठ पिनांच्या कॅसेटचा बोर्ड मागवला असून तिच्या खोक्यासाठी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखान्यात नमुना कापून घेणार आहोत.

पुढचा टप्पा राधानगरीच्या धरणाचा आहे. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात, आणि गेममध्येही ते खेळाडूच्या कोणत्याही कृतीने नव्हे, तर केवळ पाण्याच्या पातळीने उघडावेत असे मला वाटते. गटातल्या एका मित्राचे म्हणणे आहे की इशाऱ्याशिवाय उघडणारा दरवाजा अन्यायकारक ठरेल. दोन्ही आवृत्त्या पुढच्या चाचणी फाइलमध्ये असतील. ज्यांच्याकडे ६० फ्रेमचे मूळ यंत्र आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, त्यांनी तिसऱ्या टप्प्यातली शेवटची चार ठोकळ्यांची उडी आवर्जून मारून पाहावी आणि ती कुठे कमी पडते का, ते कळवावे.