ग्रेट सोसायटी फसली का? तुम्ही विचारलंत म्हणून

“अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४मध्ये गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, पण गरिबी काही हटली नाही. मग ती ‘ग्रेट सोसायटी’ फसलीच ना?” हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

ग्रेट सोसायटी म्हणजे जॉन्सन यांच्या समाजसुधारणेच्या कायद्यांचं एकत्रित नाव. मी तिला एकच कार्यक्रम मानत नाही, म्हणून तिला पास-नापासही ठरवत नाही. लिंडन जॉन्सन यांनी २२ मे १९६४ रोजी मिशिगन विद्यापीठातल्या भाषणात हे नाव लोकांपुढे ठेवलं. त्या नावाखाली पुढे डझनावारी कायदे झाले आणि प्रत्येकाचा पैसा वेगळ्या वाटेने खाली गेला. तो कोणाच्या हातून आणि कोणत्या अटीवर गेला, ते बघा. कुठे जमलं आणि कुठे बिनसलं, याचा उलगडा तिथेच होतो.

मेडिकेअरचंच घ्या, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं. कायद्यावर सही झाली ३० जुलै १९६५ला, अंमल सुरू झाला १ जुलै १९६६ला. वय ६५ झालं की उत्पन्न कितीही असो, लाभ मिळायचा. गरिबीचा दाखला मागायचाच नव्हता, त्यामुळे अर्ज सोपा झाला आणि घेणाऱ्याला कमीपणाही वाटला नाही. भाग ‘ए’ रुग्णालयाच्या खर्चासाठी होता. त्यासाठी पगारातून ०.३५ टक्के कापले जात आणि मालक तेवढेच घालत असे. आजाऱ्याने पहिले ४० डॉलर भरले की ६० दिवसांपर्यंतचा खर्च योजना उचलायची, पुढचे ३० दिवस त्याच्याकडून रोज १० डॉलर घेतले जायचे. भाग ‘बी’ डॉक्टरांच्या फीसाठी आणि ऐच्छिक होता. त्याचा महिन्याचा हप्ता ३ डॉलर होता, सरकारही तितकेच घालायचं. वर्षातले पहिले ५० डॉलर स्वतःचे, पुढच्या मान्य खर्चातले ८० टक्के योजनेचे.

यातलं सगळ्यात मोठं काम मात्र लोकांना सहसा ठाऊक नसतं. दक्षिणेतल्या अनेक रुग्णालयांत काळ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे होते, कित्येक ठिकाणी त्यांना प्रवेशच नव्हता. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने वर्णभेद पाळणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा बंद केला. त्यामुळे मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर आधी वॉर्ड एक करा, अशी अट आली. तपासनीस रुग्णालयांत जाऊन खोल्या, प्रतीक्षागृहं, डॉक्टरांच्या नेमणुका स्वतः बघत. काही महिन्यांत बहुतेक रुग्णालयं बदलली. कोर्टकचेऱ्यांनी वर्षानुवर्षं जे झालं नव्हतं, ते पैशाच्या अटीने झालं, आणि माझ्या लेखी ग्रेट सोसायटीचं सर्वांत मोठं यश हेच. ही अट भाग ‘बी’ला मात्र लावली नाही, त्यामुळे खासगी दवाखाने तिच्यातून सुटले.

चूक झाली ती दर ठरवताना. डॉक्टर आणि रुग्णालयांचा विरोध शमावा म्हणून रुग्णालयांना ‘वाजवी खर्च’ आणि डॉक्टरांना ‘नेहमीची फी’ देण्याचं कबूल केलं. जितका खर्च दाखवाल तितका मिळेल म्हटल्यावर खर्च भराभर वाढला. निदानानुसार आधीच दर ठरवून द्यायची पद्धत यायला १९८३ उजाडलं.

फूड स्टॅम्पमध्येही, म्हणजे गरिबांना अन्न घेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सरकारी कुपनांच्या योजनेतही, असंच एक कलम आडवं आलं. १९६४च्या कायद्यात कुपनं फुकट नव्हती. ठरलेली रक्कम रोख भरली की तिच्याहून जास्त किमतीची कुपनं मिळायची. ज्याच्या हातात महिन्याच्या सुरुवातीला रोकडच नाही, तो सर्वांत गरीब माणूस बाहेरच राहायचा. ही अट १९७७च्या कायद्याने काढली.

गरिबीविरोधी कार्यक्रमातल्या ‘कम्युनिटी ॲक्शन’ संस्थांचं, म्हणजे गरिबांसाठी स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या संस्थांचं, दुखणं वेगळं. गरिबांचा ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ हवा असं कायदा म्हणत होता आणि पैसा महापौरांना वळसा घालून थेट संस्थांकडे जाऊ शकत होता. महापौर बिथरले. १९६७मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, संस्थांची सूत्रं स्थानिक सरकारांकडे द्यायची तरतूद केली. तोवर व्हिएतनाम युद्धाचा खर्चही चढत गेला होता. गरीब घरांतल्या शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठीचं हेड स्टार्ट मात्र टिकलं, त्यातून मुलांना शिकवण्याबरोबर जेवण आणि वैद्यकीय तपासणीही मिळत होती.

आता आकडे. अधिकृत मोजणीनुसार गरिबांचं प्रमाण १९६४मध्ये १९ टक्के होतं, १९६९मध्ये सुमारे १२ टक्के झालं. रोजगार वाढल्याचा त्यात मोठा वाटा होता. तरीही ‘काहीच हटलं नाही’ हे म्हणणं खोटं आहे.

आपल्याकडच्या घरांशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. ३ ऑक्टोबर १९६५ला जॉन्सन यांनीच सही केलेल्या स्थलांतर कायद्याने भारताचा वर्षाला १०० जणांचा कोटा मोडीत निघाला आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला २०,००० पर्यंतची मर्यादा आली. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर. दुसरा संबंध तिकडे बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा. ग्रीन कार्ड मिळालं म्हणून मेडिकेअर लगेच लागू होत नाही. वय ६५ हवं आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य हवं, मग हप्ता भरून ती घेता येते. भाग ‘ए’ बिनहप्त्याचा हवा असेल तर सहसा स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीच्या ४० तिमाह्या लागतात. नोकरी करणाऱ्या मुलाच्या तिमाह्या त्यात धरल्या जात नाहीत, म्हणून मधल्या ५ वर्षांच्या विम्याची सोय त्यांना बोलावण्याआधीच करून ठेवा.