‘गोळ्या घेत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं
परवा एमबीबीएसच्या पोरांना घेऊन शिरोळकडं ऊसतोडीच्या एका टोळीवर गेलो होतो. पीएसएमची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाची पोस्टिंग म्हटलं की निम्मी पोरं उभ्या उभ्या झोपतात, आणि त्यांचा दोष नाही, आम्ही शिकवतोच तसं, व्याख्या पाठ करा, पास व्हा.

टोळी बीडकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एक जोडी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, आजारी पडून घरी बसलं की खाडा, म्हणजे मजुरी गेलीच वर पैसे कापणार. 2019 ला गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनवरून सरकारने समिती नेमली तेव्हा या बायका पेपरात आल्या होत्या, पण आपल्याकडं त्या दरवर्षी दिवाळीच्या आसपास येतातच की.

एक ताई, सहावा महिना, हिमोग्लोबिन 8.2, म्हणजे रक्त बरंच कमी. तरी ऊस तोडतेय. गरोदरपणात रोज एक अशा लोहाच्या 180 लाल गोळ्या घ्यायच्या असतात, हिचं पाकीट तसंच कोपीत, म्हणजे झोपडीत खोचलेलं. एका पोरानं लगेच वहीत लिहिलं, नॉन-कम्प्लायंट, म्हणजे सांगितलेलं औषध न घेणारी. मी म्हटलं खोड ते, आधी विचार का घेत नाही.

"घ्यायच्यात की सर, पण पहाटं चारला निघावं लागतं, काळा चहा प्यायचा अन् वर गोळी, नुसतं मळमळतं." मग ताईनं आमच्यातल्या एका मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, गोळीनं पोट कडक होतं, उजाडल्यावर फडात बसायला आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी पिते.

चहानं लोह कमी शोषलं जातं हे पोरांना तोंडपाठ, बद्धकोष्ठता पण साइड इफेक्टमध्ये पाठ! पण पहाटे चारचा चहा कुठल्या पुस्तकात असणार. आणि मी तरी कुठं शहाणा, पीजीला असताना अशाच एका बाईच्या केसपेपरवर मी ‘पेशंट निष्काळजी’ लिहिलेलं, अजून आठवलं की कसंतरी होतं.

पोरगं जरा खजील झालं, मग डोकं लावून म्हणालं, ताई रात्री जेवल्यावर घ्या ना, वर लिंबू पिळून पाणी प्या. मला बरं वाटलं, काहीतरी शिकला म्हटलं.

ताई हसली. "रात्री ट्रॅक्टर कवा येतो त्याचा नेम नाही दादा, आला की उठून मोळ्या भरायच्या. कधी जेवून, कधी तशीच."

पोरानं तेही खोडलं आणि वही मांडीवर ठेवून बसून राहिला.