पायाळू

वडील टेलर. मुलगा आठ वर्षांचा, दिसायला पाचाचा. सोबत बाहेरून करून आणलेला रिपोर्ट, ग्रोथ हार्मोन 0.3. आईवडील दोघंही हबकलेली. तो कागद मी बाजूला ठेवला. हे हार्मोन मेंदूखालच्या पिच्युइटरी ग्रंथीतून राहून राहून, बहुतेक रात्रीच्या गाढ झोपेत सुटतं. दिवसा कधीही रक्त काढलं तर माझंही एवढंच येईल. पैसे वाया गेले, हे मात्र सांगवलं नाही.

मला हवा होता वाढीचा वेग. शाळेतल्या नोंदी कधी बुटांसकट, कधी डोळ्यांच्या अंदाजाने. तेवढ्यात वडिलांनी पिशवीतून मापांची वही काढली. दर जूनला पोराचा गणवेश तेच शिवतात. दोन वर्षांत पॅन्टची लांबी जेमतेम इंचभर वाढलेली, कंबर दोन इंच. "मला वाटलं, माझंच माप चुकतंय."

उंची 104 सेंटिमीटर. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय साडेचार. थायरॉइड ठीक, ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून बनणारं आयजीएफ-1 कमी.

बाळंतपणाचं विचारलं तर आई कौतुकाने म्हणाली, "पायाळू आहे तो. उसण भरली की आळीतली माणसं याच्याकडून लाथ मारून घेतात." माझं पेन थांबलं. जन्मल्यावर साखर उतरली होती का? हो, चार दिवस पेटीत ठेवलं होतं.

क्लोनिडिनच्या चाचणीला, म्हणजे औषधाने ग्रंथीला डिवचून हार्मोन किती सुटतं ते पाहायला, पोरगं उपाशीपोटी आलं. गोळी दिली, दर अर्ध्या तासाने रक्त, असे दोन तास. तासाभरात ते पेंगलं, वरचं बीपी 74. सलाइन सोडलं, पाय उशीवर घेतले. गोळीने असं होतंच, पण आईला ते कसं पटणार? ती सारखी त्याचे तळवे चोळत होती. सगळ्यांत वरचा आकडा 1.9. निदान सात तरी यायला हवा, काही ठिकाणी दहा धरतात. एका चाचणीवर शिक्का मारत नाहीत, म्हणून आठवड्याने ग्लुकॅगॉन देऊन दुसरी. 1.6.

एमआरआयत ग्रंथी चिमुकली, देठ तुटक धाग्यासारखा, मागच्या भागाचा पांढरा ठिपका जागा सोडून वर. अशा मुलांत पायाळू जन्मलेली बरीच सापडतात. त्यातलं कारण कोणतं नि परिणाम कोणता, यावर अजून वाद आहे. पुढे बाकीची हार्मोन्सही उतरू शकतात, म्हणून कॉर्टिसॉल आधीच पाहून घेतलं.

रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी इंजेक्शनच्या पेनची सुई चिमटीत धरली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली.

"अगं, आपल्या अकरा नंबरपेक्षा बारीक आहे."