तुम्ही विचारलंत म्हणून: बायको हरवल्याचेच सिनेमे का?

‘सारखे काय ते बायको हरवल्याचे सिनेमे बघता? घरी सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी डोळे मिचकावत विचारलाय, की एकदाचं उत्तर लिहूनच टाकतो. घरी ठीक आहे. बायको शेजारच्या खुर्चीत बसून तेच सिनेमे बघते, आणि मारामारी सुरू झाली की झोपते.

मारामारीत मलाही फारसा रस नाही. शेवटची वीस मिनिटं, म्हणजे बंदुका, पाठलाग, पुलावरून लोंबकळणारा ट्रक, मी बरेचदा पुढे सरकवतो. मला हवा असतो तो पहिला अर्धा तास. अजून काहीच झालेलं नसतं, फक्त एक माणूस जिथे असायला हवं तिथे नसतं.

१९८८चा ‘फ्रँटिक’ घ्या. हॅरिसन फोर्ड हा अमेरिकन डॉक्टर, परिषदेसाठी बायकोला घेऊन पॅरिसला आलाय. विमानतळावरून चुकून भलत्याचीच सूटकेस उचललेली. तो आंघोळीला जातो, फोन वाजतो, बायको तो घेते. मग काचेपलीकडून त्याला काहीतरी सांगते. शॉवरच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. बाहेर येतो तर खोली रिकामी. पुढे त्या सूटकेसमधून अणुबॉम्बचा सुटा भाग वगैरे निघतो, ते सोडा हो. माझा जीव त्या न ऐकलेल्या वाक्यात अडकतो. त्यात फोर्ड इथे हिरोसारखा वागतही नाही. भाषा येत नाही, उतरत्या छपरावर सूटकेस घेऊन घसरतो, आणि जिथे जाईल तिथे लोक त्याच्याकडे ‘गेली असेल कुणाबरोबर’ अशा नजरेनं बघतात.

१९९७च्या ‘ब्रेकडाउन’मध्ये तर याहून वाईट. ओसाड रस्त्यावर गाडी बंद पडते. एक भला ट्रकवाला बायकोला पुढच्या हॉटेलपर्यंत सोडतो, नवरा, म्हणजे कर्ट रसेल, गाडीपाशी थांबतो. नंतर तोच ट्रकवाला रस्त्यात गाठला जातो, तेव्हा शेरीफसमोर शांतपणे म्हणतो, या गृहस्थांना मी कधी पाहिलेलंच नाही. ट्रक तपासला जातो. काही नाही. आता सांगा, आपल्याबरोबर बायको होती, हे तुम्ही कसं सिद्ध कराल?

माझ्या बायकोची एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे: ‘ती बाई तिकडे काय करतेय ते का दाखवत नाहीत?’ खरंच, या सिनेमांत बायको म्हणजे नवऱ्याच्या पाकिटातला फोटो. २०१४च्या ‘गॉन गर्ल’नं तेवढी परतफेड केली. तिथे अर्ध्यावर तिची बाजू येते आणि सगळंच उलटं होतं. पण मला त्यातली आधीची पोलीस चौकशीच जास्त लागली. तिला मैत्रिणी कोण? दिवसभर करते काय? रक्तगट कोणता? नवऱ्याकडे एकाचंही धड उत्तर नाही. आपल्याकडे ही चौकशी फार जुनी आहे. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेनं टाकलेले दागिने समोर ठेवतो, तर रामाचे डोळे भरून आलेले. लक्ष्मण म्हणतो, मला फक्त नूपुरं ओळखता येतात, कारण रोज पाया पडायचो. रामाला निदान रडण्याची सबब होती.

माझ्याकडे तीही नव्हती. एका प्रदर्शनाच्या गर्दीत आमची चुकामूक झाली. फोन लागेना. अर्ध्या तासानं मी सुरक्षारक्षकापाशी गेलो. त्यानं वही उघडली.

‘अंगावर काय आहे?’

‘ड्रेस.’

‘रंग?’

सकाळी आम्ही एकाच आरशासमोर तयार झालो होतो. ‘निळा,’ मी म्हणालो. ‘किंवा... गडद काहीतरी.’

‘चष्मा?’

‘वाचताना लावतात. लावते.’

त्यानं पेन खाली ठेवलं आणि सिनेमातले पोलीस नवऱ्याकडे बघतात तसं बघितलं. तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला. एक गृहस्थ हरवले आहेत, करडा चौकटीचा शर्ट, वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं, चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली, कुणाला दिसल्यास प्रवेशद्वारापाशी आणून सोडावं.

रक्षकानं आधी माझं बटण पाहिलं, मग चष्मा, आणि वही मिटली.