तलावपाळीची अर्धी फेरी

ठाण्यात नौपाड्यातून निघायचं, राम मारुती रोडने तलावपाळी गाठायची, एक पूर्ण फेरी मारून कोपिनेश्वराला हात जोडायचे आणि घरी यायचं, हा माझा वीस वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यानंतर फेरी अर्ध्यावर यायला लागली. गडकरी रंगायतनच्या अलीकडेच डाव्या पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं कठड्याला टेकलं की जायचा आणि थोडं चाललं की पुन्हा हजर.

ही खूण माझ्या ओळखीची होती. तीन वर्षांपूर्वी असंच झालं, तेव्हा एका ठिकाणी सायटिका म्हणून कमरेला पट्टा दिला होता. सहा महिने मी तो बांधला, गुडघ्याला तेलही चोळलं. पंधरा वर्षांचा मधुमेह आहे असं सांगूनही पायावर बोट ठेवून नाडी कुणी पाहिली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मांडीच्या धमनीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला.

या वेळी थेट व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेले. त्यांनी दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर घेतलं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. भागाकार ०.९ च्या खाली गेला, तर पायाला रक्त कमी पोचतंय असं धरतात. माझ्या डाव्या पायाचा ०.५४ आला. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, दिसलं की स्टेंटच्या आतच नवं मांस वाढून वाट बुजत आली आहे.

मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर लेझरने वाट मोकळी करू म्हणाले आणि मी विचारलं, ‘‘आतून जाळणार का?’’

‘‘नाही काकू, या लेझरला आम्ही थंड लेझर म्हणतो,’’ असं म्हणत त्यांनी कागदावर नळी काढली. धमनीत नुसता बारीक फुगा नेऊन फुगवला तर आतली वाढ कडेला दाबली जाते, कमी होत नाही. लेझर तिच्यातला काही भाग आधी काढून टाकतो, मग फुग्याला जागा मिळते. प्रकाश अतिनील, ३०८ नॅनोमीटरचा, झेनॉन क्लोराइड वायूपासून मिळणारा. एकेक झोत जेमतेम ५० मायक्रॉन खोल जातो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्या थरातले रेणूंचे बंध तुटतात, पाण्याची वाफ होते आणि त्या बुडबुड्यांनी पुढचा थर सैल पडतो. पायातल्या बुजलेल्या स्टेंटसाठी अमेरिकेत या उपचाराला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

त्या रात्री मुलाने वाचून दाखवलं, की अशा लेझरने शरीराचा भाग न करपता कापता येतो हे आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये कळलं. मद्रासला जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस नेऊन त्यावर प्रयोग केला होता. वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं!

विमा कंपनीने लेझर कशाला म्हणून विचारलं. डॉक्टरांचं पत्र आणि जुन्या स्टेंटचं कार्ड जोडलं, मग मंजुरी आली. ते कार्ड जपून ठेवा, त्यावर स्टेंटची लांबी नि व्यास असतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासलं, मधुमेहाची एक गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवली.

कॅथलॅबमध्ये हुडहुडी भरत होती. फक्त जांघेत भूल दिली होती, मी पूर्ण जागी. उजव्या जांघेतून तार घालून डाव्या पायात उतरवली. मग सगळ्यांनी गॉगल चढवले, मलाही एक लावला. दार बंद झालं. ‘‘सलाईन सोडा,’’ असं डॉक्टर सारखे म्हणत होते. आत रक्त किंवा एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडलेलं रंगाचं औषध राहिलं तर लेझरची ऊर्जा तेच शोषून घेतं, म्हणून आधी ते धुऊन काढायचं. त्यांनी पॅडल दाबलं आणि टकटकटक असा बारीक आवाज सुरू झाला. थोडा वेळ आवाज, मग शांतता, पुन्हा आवाज. लेझरची बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे. मांडीत किंचित दाब वाटला, भाजल्यासारखं काहीच नाही. त्यानंतर औषध लावलेला फुगा फुगवला, तेव्हा मात्र चांगलंच ठणकलं.

जांघ वीसेक मिनिटं दाबून धरली. मग सहा तास पाय सरळ ठेवायचा, हा मला सगळ्यात जड गेलेला भाग. संध्याकाळी सिस्टरने पायावर नाडी शोधून पेनाने फुली मारली. ‘‘मावशी, इथे बोट ठेवा.’’ हलके हलके ठोके लागले, आणि माझे डोळे भरून आले.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. पहिल्या खेपेला हे मी केलं नव्हतं, कुणी नीट सांगितलंही नव्हतं. फुली कधीच धुतली गेली, पण आंघोळीनंतर रोज तिथे बोट ठेवते. काल गडकरी रंगायतन न थांबता ओलांडलं, कोपिनेश्वरापाशी एकदाच टेकले. पुढचं डॉपलर तीन महिन्यांनी आहे.