करंगळी उचला म्हणे!

"करंगळी उचलली की झाला सेव्हन्थ. सोपं आहे." एवढं बोलून गिटारच्या क्लासमधले सर पुढच्या मुलाकडे वळले. त्या सोप्यापायी माझे सहा आठवडे गेले.

पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी) ए मेजर हा बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून धरलेला स्वरमेळ, बऱ्यापैकी जमत होता. करंगळी उचलून छेडलं, तर पुन्हा मेजरच! एकेक तार वाजवून पाहिली. सहावी ठीक, पाचवी ठीक, चौथी ठप्प. खोक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज.

गोम अशी की मेजरमध्ये पाचवी, चौथी, तिसरी तार बाकीची बोटं दाबतात. तर्जनीने सहावी, दुसरी आणि पहिली सांभाळली की झालं. मध्ये ती पोकळ असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. करंगळी उठली की चौथी तार तर्जनीच्या गळ्यात पडते, आणि सेव्हन्थचा सूर नेमका तिथेच. पेटीवाल्यांसाठी सांगतो, ए ला सा धरा, मग हा कोमल नी. तोच मुका, मग उरतं काय? सा, ग, प. म्हणजे परत मेजर. माझ्या तर्जनीच्या सांध्याची घडी बरोबर चौथ्या तारेवर येत होती, हे कळायलाच तीन आठवडे लागले.

तोवर मी नुसता जोर लावत होतो. अंगठा ठणकायला लागला, तार मुकीच. शेवटी तर्जनी जराशी वर सरकवली, कोपर पोटाशी घेतलं, त्याबरोबर बोट अंगठ्याकडच्या हाडाळ बाजूवर कललं. आणि वाजली की हो! रात्री साडेअकराला घरच्यांना उठवून ऐकवली.

मग ए मधला साधा ब्लूज, म्हणजे बारा बारांची ठरलेली कॉर्डमालिका, घेतला. चार बार ए सेव्हन, दोन डी सेव्हन, दोन ए सेव्हन, शेवटी ई, डी, ए, ई एकेक बार. (हा बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट, बोटाचा बार वेगळा.) मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर. डी सेव्हनही पाचव्या फ्रेटवरच, पण पाचव्या तारेपासून. तोच दोन फ्रेट पुढे सरकवला की ई. या आकारात कोमल नी (डी किंवा ई ला सा धरून) तिसऱ्या तारेवर, अनामिका आणि करंगळीच्या मधोमध. अनामिका आडवी पडली की तो मेलाच. ती टोकावर उभी ठेवा.

अरे हो, सुरुवात एफ सेव्हनने करू नका. पहिल्या फ्रेटवर, नटजवळ (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) तार फार जोर मागते.

परवा सरांना अख्खा ब्लूज वाजवून दाखवला. मान डोलावली त्यांनी. "छान. आता मायनर सेव्हन. मधलं बोटही उचल, सोपं आहे."

म्हणजे आता तिसरी तारही तर्जनीवर.