दिवाळे निघाले तरी गाणारे तीन मित्र

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत जुना जर्मन चित्रपट म्हटला की तिरप्या सावल्या, वेडे डॉक्टर आणि खुनी एवढेच बहुधा दाखवले जाते. बर्लिनमध्ये राहू लागल्यावर जुन्या चित्रपटांच्या खेळांना जाण्याची सवय लागली, तेव्हा इथल्या वयस्कर प्रेक्षकांच्या ओठांवर भलतेच काही असते हे ध्यानात आले. त्यांना १९३० च्या आसपासच्या बोलपट-ऑपेरेटांमधील, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतमय बोलपटांमधील, गाणी पाठ असतात.

या प्रकारातला माझा सर्वांत आवडता चित्रपट म्हणजे ‘डी द्राय फॉन डेर टांकश्टेले’, अर्थात पेट्रोल पंपावरचे तिघे. सहलीवरून हसतखेळत परतलेल्या तीन मित्रांना कळते की आपली बँक बुडाली आहे आणि जप्तीचा अधिकारी घरातल्या सामानावर मोहरा लावतो आहे. त्यावर ते रडत बसत नाहीत, तर त्या अधिकाऱ्यालाच उद्देशून गाऊ लागतात. पुढे गाडीतले पेट्रोल संपते, तेव्हा गाडी विकून पंप टाकण्याची कल्पना सुचते आणि तिघेही नकळत एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. विल्हेल्म टीले यांच्या दिग्दर्शनात लिलियन हार्वी, विली फ्रिट्श आणि तरुण हाइन्झ र्‍यूमान यांनी जी धमाल केली आहे, तिला निव्वळ पलायनवाद म्हणणे मला पटत नाही, कारण बेकारी, कर्ज आणि जप्ती हाच या विनोदाचा कच्चा माल आहे. चित्रपट बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला तो १५ सप्टेंबर १९३० रोजी. आदल्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. चित्रपटाच्या अखेरीस नायक-नायिका नाटकासारख्या पडद्यासमोर येतात, प्रेक्षक अजून बसलेले पाहून चकित होतात आणि मग उमजते की भव्य समारोपाखेरीज ऑपेरेटा संपतच नाही. ही थट्टा आजही ताजी वाटते.

हा हलकेपणा मोठ्या यंत्रणेवर उभा होता. ऊफा या जर्मन चित्रपट कंपनीने १९२९ मध्ये पॉट्सडॅमजवळच्या बाबेल्सबर्ग येथे क्रुसाच्या आकारात चार ध्वनिबंद, बिनखिडक्यांचे स्टुडिओ बांधले. डबिंगचे तंत्र अजून बाल्यावस्थेत असल्याने तोच चित्रपट त्याच नेपथ्यावर जर्मन, फ्रेंच आणि कधी इंग्रजीतही पुन्हा चित्रित होई. लंडनमध्ये जन्मलेली हार्वी तिन्ही भाषांत काम करी, पण फ्रेंच आवृत्तीत नायक मात्र बदले. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढला, त्यामागची अडचण हीच होती.

या तंत्राचा कळस ‘डेर काँग्रेस टान्झ्ट’ (१९३१), अर्थात परिषद नाचते, या चित्रपटात दिसतो. हातमोजे विकणारी मुलगी रशियाच्या झारच्या भेटीस बग्गीतून निघते आणि गात गात शहर ओलांडते. कॅमेरा तिच्यासोबत धावतो आणि तिचे गाणे वाटेतल्या माणसांच्या तोंडी जाते. कथा बेताचीच आहे, परंतु या एका प्रवासासाठी मी तो चित्रपट पुन्हा पाहीन.

दोन्ही चित्रपटांचे निर्माते एरिक पॉमर, संगीतकार वेर्नर रिचर्ड हायमान आणि गीतकार रॉबर्ट गिल्बर्ट. तिघेही ज्यू वंशाचे असल्याने १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. १९३७ मध्ये ‘पेट्रोल पंपा’वर बंदी आली. त्यात वकील झालेला कुर्ट गेरॉन १९४४ मध्ये आउशविट्झच्या नाझी छळछावणीत मारला गेला. जप्तीचा अधिकारी साकारणारा फेलिक्स ब्रेसार्ट मात्र हॉलिवूडला पोहोचला. १९३९ च्या ‘निनॉच्का’मध्ये पॅरिसच्या झगमगाटात बहकणारे तीन सोव्हिएत अधिकारी आहेत, त्यांच्यातला एक ब्रेसार्ट आहे, आणि संगीत हायमान यांचे आहे.